सहीचा कागद : लंडनमधले सहा दिवस

शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३

हीथ्रोवर उतरले तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि चार वाजताच अंधार पडू लागला. भाची न्यायला आली होती. वेम्बलीच्या तिच्या घरी पोचल्यावर वरणभात खाल्ला. मग पिशवीतून एक आंतरदेशीय पत्र काढून तिच्या हातात दिलं. आतल्या बाजूला बघायच्या जागांची यादी होती. "मावशी, यात लंडन आयही नाही आणि राणीचा वाडाही नाही," ती म्हणाली. नव्हताच.

मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली. शेवटची सहा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात सब पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात डॉ. रखमाबाईंवर बोलायची वेळ आली. त्या तयारीत एक प्रश्न डोक्यात बसला. मुंबईच्या न्यायालयात नवऱ्याच्या घरी जायला नकार देणारी ही मुलगी पुढं लंडनला डॉक्टरकी शिकली, तर तिला शिकवलं कुणी? उत्तर शोधता शोधता गॅरेट घराण्यातल्या बहिणी सापडल्या, आणि त्यांच्या मागोमाग फॉसेट सोसायटी. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि समान वेतनासाठी झटणारी ही संस्था आपलं मूळ १८६६ सालच्या एका अर्जात सांगते. अर्ज, सह्या, पत्रं, पोचपावत्या हेच तर माझं आयुष्य. म्हणून आले.

रविवार, १९ नोव्हेंबर

सकाळी डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ साली स्थापन झालेलं हे मंडळ. आमचा खरा बेत मात्र तिथून चालत डॉलिस हिल स्टेशनकडे जायचा होता. स्टेशनजवळच्या चॅप्टर रोडवर ग्रुनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. आता तिथं कारखाना नाही, साधी वस्ती आहे. पण मला ती गल्ली बघायची होती.

लोक कॅमेऱ्यातले रोल लिफाफ्यात घालून टपालानं पाठवायचे आणि फोटो टपालानंच परत जायचे, असा त्या कारखान्याचा धंदा होता. काम करणाऱ्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. पगार कमी, जादा कामाची सक्ती. ऑगस्ट १९७६ मध्ये एका संध्याकाळी जयाबेन देसाईंना ऐन घरी निघायच्या वेळी थांबायला सांगितलं, तेव्हा त्या कोट चढवून बाहेर पडल्या. निघताना मॅनेजरला त्यांनी सुनावलं की हा कारखाना नाही, प्राणिसंग्रहालय आहे. इथं तुमच्या बोटावर नाचणारी माकडं असतील, तसे तुमचं डोकं चावून काढणारे सिंहही आहेत, आणि ते सिंह आम्ही. उंचीनं पाच फूटसुद्धा नसलेली ही बाई. पुढं जवळजवळ दोन वर्षं त्या आणि त्यांच्या सोबतिणी साडीवर कोट घालून फाटकासमोर उभ्या राहिल्या, थंडीत आणि पावसात.

आणि मग क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी ग्रुनविकची टपाल उचलायचं नाकारलं. एकदा १९७६ च्या नोव्हेंबरात, पुन्हा १९७७ च्या उन्हाळ्यात. धंदाच टपालावर, त्यामुळं घाव वर्मी बसला. मी त्या गल्लीत उभी राहून हे भाचीला सांगत होते आणि माझा आवाज कापत होता. टपाल अडवणं हे आमच्या लेखी महापाप. आलेलं प्रत्येक पत्र पत्त्यावर गेलंच पाहिजे, हे पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेलं. तरी त्या गोऱ्या पुरुष टपालवाल्यांनी परक्या मुलखातून आलेल्या साडीतल्या बायकांसाठी आपली नोकरी पणाला लावली. कायदा त्यांच्या बाजूनं नव्हता. १९७८ च्या जुलैत संप मागं घ्यावा लागला. बायका हरल्या. कामावर कुणालाच परत घेतलं नाही.

त्याच १९७६ साली आपल्याकडे समान वेतनाचा कायदा झाला होता. माझी आई तेव्हा दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. बाईची हजेरी वेगळी, गड्याची हजेरी वेगळी. सकाळी एकाच वेळी रानात उतरायचं, संध्याकाळी एकाच वेळी वर यायचं, आणि पैसे मोजताना मामाच्या हातात आईच्या जवळजवळ दुप्पट. कायदा आमच्या बांधापर्यंत पोचलाच नाही. रोजगार हमीच्या कामावर आईनं पहिल्यांदा गड्याइतकी मजुरी घेतली. ते पैसे तिनं त्या रात्री दोनदा मोजले.

स्टेशनजवळ ग्रुनविकच्या बायकांचं भित्तिचित्र रंगवलेलं आहे. भाचीनं फोटो काढला. वेम्बलीला राहून ती चार वर्षं याच भागातून ये-जा करते, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

पार्लमेंट चौकात पुतळे पुरुषांचेच होते. चर्चिल, लॉइड जॉर्ज, लिंकन, मंडेला. २०१५ पासून गांधीजीही. २४ एप्रिल २०१८ ला पहिल्या बाईचा पुतळा आला, बायकांच्या मताधिकारासाठी झटलेल्या मिलिसेंट फॉसेटचा. घडवला जिलियन वेअरिंग यांनी. या चौकातलं एका शिल्पकार स्त्रीनं केलेलं हे पहिलं शिल्प. हातात बॅनर धरलेली पन्नाशीची बाई. बॅनरवर तिचेच शब्द : धैर्य साद घालतं, आणि सगळीकडून धैर्यच ओ देतं. मी माझ्या मराठीत असं केलं, इंग्रजी शब्द याहून मोजके आहेत.

चौथऱ्यावर चळवळीतल्या ५९ जणांची नावं आणि चेहरे कोरलेत. मी चौथऱ्याभोवती फिरून दोन नावं शोधली. सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांची नात, जिनं 'मत नाही तर कर नाही' म्हणत दागिने लिलावात जाऊ दिले. आणि लोलिता रॉय, १९११ च्या मोर्चात साडी नेसून चाललेल्या भारतीय बायकांपैकी एक. लोलिता रॉयच्या चेहऱ्यावर पावसाचं पाणी होतं, ते मी रुमालानं टिपलं.

इथं एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मिलिसेंट फॉसेट साम्राज्याच्या बाजूच्या होत्या. १९०१ साली, बोअर युद्धाच्या काळात, दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर बायका-मुलांना डांबलेल्या ब्रिटिश छावण्यांची पाहणी करणाऱ्या बायकांच्या समितीच्या त्या प्रमुख होत्या. तिथली बोअर मुलं आजारानं मरत होती. समितीनं हाल मांडले, सुधारणा सुचवल्या, पण छावण्या मुळात असाव्यात का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पुतळ्यासमोर उभी असताना हे माझ्या मनातून गेलं नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

दुपारी प्रेक्षक गॅलरीच्या रांगेतून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलो. सहाशे वर्षांहून जुनं लाकडी छत आणि खाली गार दगडी फरशी. १८६६ च्या जूनमध्ये इथं दोन तरुण बायका आल्या : एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट, म्हणजे मिलिसेंटची थोरली बहीण. हातात मताधिकार मागणारा अर्ज, त्यावर सुमारे दीड हजार बायकांच्या सह्या. एवढी मोठी गुंडाळी घेऊन लोकांच्या नजरा झेलत उभं राहायचं त्यांना अवघड झालं. मग हॉलमध्ये सफरचंदं विकणाऱ्या बाईला विनंती करून त्यांनी ती तिच्या फळांखाली लपवली. खासदार जॉन स्टुअर्ट मिल आले, गुंडाळी बाहेर निघाली, आणि ७ जूनला अर्ज सभागृहात गेला. मिलिसेंटनं या अर्जासाठी सह्या जमवल्या. स्वतः सही करायला तिचं वय कमी पडत होतं. एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती तिला.

आता त्या हॉलमध्ये दाराच्या वरच्या बाजूला काचेच्या रंगीत चकत्यांचं एक शिल्प आहे, या चळवळीच्या आठवणीसाठी लावलेलं. थेम्सची भरती-ओहोटी जशी असेल तसा त्यातला उजेड वाढतो आणि उतरतो. आम्ही होतो तेव्हा थोड्याच चकत्या उजळल्या होत्या.

त्या अर्जाला यश आलं नाही. १९१८ साली तीस वर्षांवरच्या आणि घरदार-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं, आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीनं एकविसाव्या वर्षी सगळ्यांना. अर्ज ते निकाल, बासष्ट वर्षं. त्यातला मोठा काळ मिलिसेंटबाई सभा घेत, पत्रं लिहीत, वर्गणी गोळा करत राहिल्या. १९१३ साली त्यांच्या संघटनेनं देशाच्या कानाकोपऱ्यातून पायी यात्रा काढली. सहा आठवडे बायका चालत होत्या, वाटेत गावोगाव मुक्काम, सभा, आणि शेवट हाइड पार्कात पन्नास हजारांच्या मेळ्यानं. तिला त्यांनी नावच तीर्थयात्रा असं दिलं होतं. आमच्या लोणंद-फलटणच्या वाटेवर दिंड्या बघत वाढलेल्या बाईला ते वाचून घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात. फॉसेट सोसायटीच्या पूर्वसुरींनी १९२६ साली उभा केलेला बायकांचा ग्रंथसंग्रह बऱ्याच जागा बदलून २०१३ पासून इथं आहे. भाचीनं आधीच नोंदणी केली होती. संस्थेचे जुने वार्षिक अहवाल मागवले. वर्गणीदारांच्या याद्या, टपालखर्च, सभागृहाचं भाडं. टपालखर्चाची ओळ दिसली की मी थांबत होते.

याच शिक्षणसंस्थेत मुंबईची मिठन टाटा शिकली. १९१९ साली ती आणि तिची आई हेराबाई मुंबईहून लंडनला आल्या, भारतीय बायकांना मत द्या असं पार्लमेंटच्या समितीपुढं सांगायला. सरोजिनी नायडूही आल्या होत्या. समितीनं प्रश्न प्रांतांवर सोपवला, आणि १९२१ साली मुंबई प्रांतानं काही बायकांना मत दिलं. मिठन इथंच राहून शिकली, बॅरिस्टर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. संध्याकाळी पाऊस इतका लागला की बाकी काही बघता आलं नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

आज रखमाबाईंचा जन्मदिवस. २२ नोव्हेंबर १८६४. आणि योग असा की फॉसेट सोसायटीनं या वर्षीचा समान वेतन दिन आजच्याच तारखेला धरला आहे. पद्धत सरळ आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांचा तासाचा सरासरी पगार पुरुषांपेक्षा १०.७ टक्के कमी. वर्षाच्या दिवसांतून तेवढे टक्के कापले की २२ नोव्हेंबर येतो. आजपासून ३१ डिसेंबरपर्यंत बाई जणू फुकट राबते. मी हा हिशोब स्वतः करून बघितला. बरोबर येतो.

चहा पिताना भाची म्हणाली, "मावशी, माझ्या शेजारी बसणाऱ्याला किती मिळतात, मला माहीतच नाही." इथं अडीचशे किंवा त्याहून जास्त नोकरदार असलेल्या कंपन्यांना आपल्याकडची वेतनातली तफावत जाहीर करावी लागते, २०१७ पासून. तिनं फोनवर आपल्या कंपनीचा आकडा काढला. देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होता. मग तिला आठवलं की नोकरी देताना तिला विचारलं होतं, पुण्यात किती पगार होता. रुपयांचे पौंड झाले आणि त्याच्या वर थोडं घालून आकडा ठरला. फॉसेट सोसायटीची एक मोहीम नेमकी याविरुद्ध आहे : आधीचा पगार विचारू नका, नाहीतर एका जागचा अन्याय पुढच्या जागी सोबत जातो. दुसरी मागणी अशी की बरोबरीचं काम करणाऱ्या पुरुषाचा पगार जाणून घ्यायचा हक्क बाईला हवा. भाची बराच वेळ गप्प बसली. मग तिनं रजा टाकली आणि माझ्याबरोबर निघाली.

गॉवर स्ट्रीट, घर क्रमांक दोन. निळी पाटी. नवरा गेल्यावर मिलिसेंट इथं बहीण ॲग्नेसकडे राहायला आल्या आणि १९२९ साली इथंच वारल्या. नवरा हेन्री फॉसेट, पंचविसाव्या वर्षी शिकारीत वडिलांच्या बंदुकीचे छर्रे लागून आंधळा झालेला. तरी खासदार झाला. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये नाचाची मेजवानी दिली आणि तिचा खर्च भारताच्या तिजोरीवर टाकला, तेव्हा पार्लमेंटमध्ये हा माणूस भांडला. लोक त्याला भारताचा खासदार म्हणायचे. आणि १८८० पासून मरेपर्यंत तो ब्रिटनचा पोस्टमास्तर जनरल होता! पोस्टल ऑर्डर, पार्सल टपाल त्याच्या काळातली, आणि टपाल खात्यात बायकांना जास्त जागा द्यायचा आग्रहही त्याचाच. माझ्या काउंटरवरून मी जन्मभर पार्सलं तोलली. त्या पाटीला मी हात जोडले.

तिथून हंटर स्ट्रीट. १८७४ साली सुरू झालेलं बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय इथं होतं, आज त्या इमारतीत सरकारी दवाखाना आहे. इमारत रखमाबाई गेल्यानंतर बांधलेली, पण जागा तीच. त्या इथं १८८९ मध्ये आल्या. प्रमुख होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, सफरचंदांखाली अर्ज लपवणारी तीच बाई. म्हणजे वेस्टमिन्स्टर हॉलमधला तो कागद आणि आमच्या गिरगावातली ती मुलगी यांच्यामध्ये फक्त एक माणूस उभं आहे. हे कळल्यापासून दोन वर्षं मला इथं यायचं होतं.

दवाखान्याच्या पायरीजवळ मी भाचीला सगळी गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी लग्न. आईनं आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तिला माहेरीच ठेवलं. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी न्यायालयात गेला, बायको माझ्या घरी पाठवा म्हणून. पहिल्या न्यायमूर्तींनी दावा फेटाळला, पण अपिलात चक्र फिरलं, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं, तुरुंगात जाईन. 'केसरी' त्यांच्या विरोधात तुटून पडला. त्याआधीच 'एक हिंदू स्त्री' या नावानं त्यांची पत्रं 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आली होती, बालविवाहानं मुलीचं शिक्षण कसं तुटतं ते सांगणारी. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या सुटल्या.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. नवऱ्याच्या घरी नांदायला भाग पाडणारा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्रजी कायद्यातून आला. आणि इंग्लंडनं १८८४ मध्येच त्यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. म्हणजे लंडनच्या बाईला जे भय उरलं नव्हतं, ते मुंबईच्या बाईला तीन वर्षांनी दाखवलं. इंग्लंडनं १९७० मध्ये तो दावाच रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. माझ्या काउंटरवर अशा दाव्यांच्या नोटिसा रजिस्टरनं यायच्या. पाकीट हातात घेऊन एखादी पोरगी विचारायची, "बाई, नाही घेतलं तर?" मी सांगायचे, घे आणि वकिलाकडे जा, 'घेण्यास नकार' असा शेरा पडला तरी नोटीस पोचली असंच धरतात.

रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परतल्या, सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत जन्म घालवला. हंटर स्ट्रीटवर त्यांच्या नावाची पाटी मला दिसली नाही. भाचीनं येताना पिवळी शेवंती घेतली होती, ती पायरीच्या कडेला ठेवली. आतून एक नर्स बाहेर आली, तिनं विचारलं कुणासाठी. भाचीनं सांगितलं. नर्सनं रखमाबाईंचं नाव दोनदा म्हणून बघितलं.

युस्टन रोडवर एलिझाबेथबाईंचं बायकांचं रुग्णालय होतं. आज तिथं कामगार संघटनेचं मोठं कार्यालय आणि जुन्या इमारतीत त्यांच्या आठवणींचं दालन. १९७६ मध्ये रुग्णालय बंद करायचं ठरलं, तेव्हा इथल्या परिचारिका आणि कामगार जागा न सोडता काम करत राहिले. पुन्हा १९७६. त्या वर्षी किती ठिकाणी बायका उठल्या होत्या!

गुरुवार, २३ नोव्हेंबर

टपाल संग्रहालय. इथं मी चार तास होते आणि अजून चार राहिले असते. जमिनीखालच्या टपालगाडीत बसले. शिक्के, पिशव्या, खणाखणांचं सॉर्टिंगचं कपाट, सगळं ओळखीचं.

मताधिकारवाल्या बायकांचं टपालाशी नातं दोन प्रकारचं. १९१२-१३ मध्ये एमेलिन पॅंकहर्स्टबाईंच्या जहाल गटानं टपालपेट्यांत शाई आणि ॲसिड ओतलं, पत्रं जाळली. मिलिसेंटबाईंना हा मार्ग मान्य नव्हता आणि मलाही नाही. त्या पेटीत कुणाची मनीऑर्डर असेल, कुणाच्या आईची खुशाली असेल. हे मी त्या बायकांच्या हालअपेष्टा मनात धरूनच लिहिते आहे.

दुसरी गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही. २३ फेब्रुवारी १९०९. तेव्हाच्या नियमांत माणूससुद्धा एक्स्प्रेस टपालानं पाठवता यायचं. डेझी सॉलोमन आणि एल्सपेथ मॅक्लेलंड या दोघी स्ट्रँडच्या पोस्टात गेल्या, स्वतःवर पंतप्रधानांचा पत्ता लिहून घेतला, पैसे भरले. पोस्टाचा पोरगा त्यांना घेऊन चालत डाउनिंग स्ट्रीटला गेला. दारावरच्या माणसानं टपाल घ्यायचं नाकारलं. पोराला पोच हवी होती, सही मिळेना. दोघी परत आल्या आणि त्या पोराला साहेबांपुढं लेखी जबाब द्यावा लागला. मी त्या पोराचा विचार करत बाकावर बसले. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. बायका पत्त्यावर पोचवल्या होत्या.

रात्री भाचीनं लॅपटॉप उघडला. कंपनीला पत्र लिहायला घेतलं : माझ्या पदावरच्या पुरुष सहकाऱ्यांचा पगार आणि माझा पगार यांत फरक आहे का, असल्यास कारण काय. तिनं मला वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत तसदीबद्दल माफी मागितली होती. मी म्हटलं, ती ओळ काढ. तारीख घाल, विषय घाल, किती दिवसांत उत्तर हवं ते लिही. तिनं तसं केलं. पाठवायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

शुक्रवारी दुपारी मी हीथ्रोला निघेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. ८ डिसेंबरची तारीख घालून तिनं स्मरणपत्र लिहून ठेवलं होतं.